गुणपत्रिकेने नेमलेला प्रतिनिधी : महाराष्ट्राच्या महाविद्यालयांतून मतपेटी का गेली?

१/
मार्च १९८९. ६१ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. लोकसभेचा सदस्य निवडण्याचा अधिकार महाविद्यालयीन तरुणांच्या हाती आला. पुढच्या पाचच वर्षांत महाराष्ट्रातील त्याच तरुणांचा स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मात्र काढून घेतला गेला. हे कसे घडले, आणि ते योग्य होते का, हे आजच्या थ्रेडमध्ये पाहू.

२/
तोवर महाविद्यालयांत थेट निवडणुका होत. त्यांतून वक्ते घडले, कार्यकर्ते घडले. पण त्यांत पैसा शिरला, पक्षांची ईर्ष्या शिरली, महाविद्यालयाशी संबंध नसलेली माणसे फाटकाशी दिसू लागली. १९८९ मध्येच मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि राज्य हादरले. पालकांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

३/
शासनाचे उत्तर आले ते महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ या कायद्यातून. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी परिषदेवर घ्यायचा. क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, एनसीसी आणि एनएसएस यांतून काही जण प्राचार्यांनी नेमायचे. या मोजक्या सदस्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. बाकी विद्यार्थ्यांना मत नाही.

४/
वरवर पाहता ही रचना निर्मळ वाटते. पण प्रतिनिधी म्हणजे कोण? ज्याला आपण जाब विचारू शकतो तो. वसतिगृहाला पाणी येत नाही, खाणावळीचे दर वाढले, शिष्यवृत्ती रखडली, शेवटच्या तासानंतर गावाकडची एसटी मिळत नाही. हे प्रश्न सोडवले नाहीत म्हणून ८५ टक्के मिळवणाऱ्याचे पद कोणत्या न्यायाने काढणार? त्याला ते पद वर्गाने दिलेच नव्हते. ते गुणपत्रिकेने दिले होते.

५/
हिंसेचे मूळ तरी उपटले गेले का? विचार करून पाहा. मतदार हजारांवरून डझनावर आले की पैसेवाल्याचे काम अवघड होत नाही, सोपे होते. हजारांना फितवणे कठीण, बाराजणांना गाठणे सोपे. दोष गुंडगिरीचा होता. शिक्षा मतदाराला झाली.

६/
दरम्यान, देशपातळीवर वेगळा मार्ग शोधला गेला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के, खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये, छापील भित्तिपत्रके बंद, फक्त हाताने केलेली चालतील. मतपेटी न काढता पैसा व दहशत रोखण्याचा हा प्रयत्न होता.

७/
पण या नियमांचाही एक धडा आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांची स्वतःची घटना होती. निवडणूक समिती विद्यार्थ्यांचीच, हाताने रंगवलेली भित्तिपत्रके जुन्या प्रथेतली, आणि मतदानापूर्वी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा. तिथे वाद नव्हते असे नाही. तरी लिंगडोह नियमांचे तंतोतंत पालन होत नाही म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली. काही अटी शिथिल झाल्यावर २०१२ मध्ये ती पुन्हा झाली. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या मत न देताच बाहेर पडल्या.

८/
महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये वेळापत्रकही आले, आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकलले गेले. त्यामागोमाग महामारी आली. एवढ्यात एक गोष्ट लक्षात घ्या : मोठ्यांच्या निवडणुकीसाठी लहानांची निवडणूक थांबते. उलट कधी घडत नाही.

९/
माझे मत सांगतो. आपल्याकडे वाद नेहमी 'निवडणूक हवी की नको' एवढ्यावरच अडतो. खरा प्रश्न असा, की नियम कोणी करायचे? मंत्रालयात किंवा न्यायालयात लिहिलेला नियम विद्यार्थी पाळतो, पण तो त्याचा होत नाही. खर्चाची मर्यादा किती, प्रचार किती दिवस, तक्रार कोणापुढे, हे विद्यार्थ्यांनीच सभेत भांडून ठरवावे, प्राध्यापकांनी देखरेख करावी, आणि कायद्याने फक्त बाहेरच्या कुंपणाची राखण करावी. बाहेरच्या गुंडाला आवरणे हे पोलिसांचे काम आहे. त्यासाठी मतपेटीला कुलूप लावायचे कारण नाही.

१०/
अशा सभेत आवाज चढतील, चुका होतील, एखादा ठराव फसेल. फसू द्या. खाणावळीच्या दरावर हरलेले मत पचवायला जो विसाव्या वर्षी शिकतो, तो चाळिसाव्या वर्षी विधानसभेतला पराभवही सभ्यपणे पचवतो. ते शिक्षण आपण १९९४ मध्ये अभ्यासक्रमातून वगळले, आणि त्यानंतर राजकारणात चांगली माणसे का येत नाहीत, असे विचारत राहिलो.

तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थी परिषद आहे का? असल्यास तिच्यावरचा तुमचा प्रतिनिधी कोण, आणि तो तिथे कसा पोहोचला? आधी एवढे शोधून काढा. पुढची चर्चा तिथून सुरू होते.