अल्पाकाचा कोट आणि मेरिनोची बंडी

बेंगळुरूच्या महादेवपुरा भागातून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. मूळच्या त्या सातारा जिल्ह्यातल्या. यजमानांच्या निवृत्तीनंतर उभयता मुलाकडे राहावयास आली. त्यांची कन्या टोरांटोस असते. येत्या जानेवारीत तिचे पहिले बाळंतपण आहे आणि ते करण्यासाठी आईला तिकडे जावयाचे आहे. गरम कपड्यांसाठी त्यांनी काही रक्कम बाजूस काढून ठेवली आहे. दुकानात गेल्यावर विक्रेत्याने त्यांच्यापुढे दोन वस्तू मांडल्या : एक मेरिनो लोकरीची पातळ बंडी आणि दुसरी अल्पाकाची शाल. शाल अर्थातच महाग. पण ‘मेरिनोपेक्षा अल्पाका कितीतरी ऊबदार’ असे त्याने छातीठोकपणे सांगितले.

त्यावर या भगिनी लिहितात : “आमच्या पेटीत आजेसासऱ्यांचा काळ्या अल्पाकाचा कोट अजून जपून ठेवला आहे. तो तर सदऱ्यासारखा पातळ आहे, आणि ते तो ऐन उन्हाळ्यातही कचेरीत घालून जात असत, असे सासूबाई सांगत. मग अल्पाका ऊबदार म्हणावा तो कसा? शिवाय मला लोकर अंगाला टोचते. पैसे वाया गेले तर पुन्हा घेण्याची सोय नाही. काय घ्यावे ते कळवा.”

प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर त्या जुन्या पेटीतच दडलेले आहे.

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर पाळला जाणारा, उंटाच्या कुळातला प्राणी. जगातील बहुसंख्य अल्पाका पेरू देशात आहेत. तेथील लोक हजारो वर्षांपासून त्याच्या केसांची वस्त्रे विणीत आले. युरोपच्या बाजारात मात्र या तंतूला मान मिळाला तो गेल्या शतकाच्या मागच्या शतकात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा गिरणीमालक टायटस सॉल्ट याने १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या वखारीत पडून राहिलेल्या अल्पाकाच्या गासड्या विकत घेतल्या आणि तो तंतू यंत्रावर कातण्याची युक्ती साधली. या कापडात उभा धागा बहुधा सुताचा आणि आडवा धागा अल्पाकाचा असे. त्यामुळे कापड पातळ, हलके, गुळगुळीत आणि रेशमासारखे चमकदार निघे. १८५३ साली सॉल्टने त्यासाठी सॉल्टेअर येथे प्रचंड गिरणी उभारली.

हेच कापड पुढे आगबोटींतून आपल्याकडे आले. वकील, मास्तर, कारकून अशा मंडळींना साहेबी रिवाजाप्रमाणे काळा कोट तर हवा, पण दख्खनच्या उन्हाळ्यात जाड बनात सोसवत नाही. त्यांना हे कापड फार सोयीचे वाटले. पगडी किंवा रुमाल, उपरणे आणि अल्पाकाचा लांब कोट हा त्या काळचा प्रतिष्ठित वेष झाला. पुढे पुढे तर अल्पाकाचा एकही केस नसलेले चमकदार काळे कापडही ‘अल्पाका’ याच नावाने खपू लागले.

तेव्हा आजेसासऱ्यांचा कोट थंड आणि दुकानातील शाल ऊबदार, यात विसंगती काहीच नाही. ऊब खरी देतो तो वस्त्रात अडकून राहिलेला हवेचा थर. तंतूचे काम तो थर धरून ठेवण्याचे. घट्ट विणलेल्या पातळ, गुळगुळीत कापडात हवा थोडी राहते. सैल विणीच्या लवदार शालीत पुष्कळ राहते. तंतूचे नाव एकच असले तरी विणकर त्याचे काय करतो, यावर सारे अवलंबून असते. वस्त्र घेताना प्रथम हे ध्यानात ठेवावे.

आता मेरिनोकडे वळू. मेरिनो ही मूळ स्पेनमधील मेंढी. तिच्या लोकरीचा लौकिक एवढा होता की तिला देशाबाहेर नेण्यास स्पेनमध्ये दीर्घकाळ बंदी होती. १७९७ साली ती ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि पुढे त्या देशाच्या संपत्तीचा एक मोठा आधार बनली. ठाण्यास १९२५ साली निघालेल्या रेमंडच्या गिरणीमुळे मराठी घरांच्या परिचयाचे झालेले उंची सुटिंग मुख्यतः याच जातीच्या लोकरीचे असते.

दोन्ही तंतूंची पारख त्यांच्या जाडीवरून होते. जाडी मोजण्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या मेरिनोचा तंतू १७ ते २१ मायक्रॉन भरतो. अल्पाकात पुष्कळ प्रती आहेत. ‘बेबी अल्पाका’ म्हणून जी प्रत विकली जाते ती साधारण २२ मायक्रॉनची असते. त्याहून सामान्य प्रत २६ किंवा त्यापुढची. ‘बेबी’ या शब्दाने फसू नये. तो कोवळ्या पिल्लाचा केस असतोच असे नाही. ते केवळ बारीकपणाच्या प्रतीचे नाव आहे.

लोकर टोचते ती याच जाडीमुळे. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके वाकत नाहीत, ती कातडीला सुईसारखी रुततात. अशी टोके शेकडा पाचांहून अधिक झाली की खाज सुरू होते. पुष्कळांना वाटते की आपल्याला लोकरच मानवत नाही. वास्तविक त्यांना जाडी मानवत नसते. अल्पाकाच्या केसांत मेंढीच्या लोकरीसारखा तेलकट अंश जवळजवळ नसतो आणि त्याचा पृष्ठभागही अधिक गुळगुळीत असतो. तरीसुद्धा जाड अल्पाका टोचतोच.

दुसरा भेद स्वभावाचा. मेरिनोच्या तंतूला अंगचीच बारीक नागमोड असते. त्यामुळे वस्त्र ताणले तरी पूर्ववत होते आणि अंगाला धरून राहते. शिवाय ही लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. घामाचा गारठा त्यामुळे जाणवत नाही. अल्पाकाला नागमोड कमी. तो मऊपणे लोंबतो, सुरेख चुणी पडते. पण अंगाबरोबर बसणारे कपडे कालांतराने ढिले होऊन लांबतात. त्याच्या बऱ्याच तंतूंच्या गाभ्यात सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून वजनाच्या मानाने तो चांगली ऊब देतो. तात्पर्य, अंगालगत मेरिनो आणि वरून अल्पाका, अशी त्यांची स्वाभाविक वाटणी आहे. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ होय.

आता आमच्या भगिनींच्या खरेदीविषयी. टोरांटोस जानेवारीत पारा बहुधा शून्याखाली असतो. पण घरे आतून तापविलेली असतात. घरात हलके आणि बाहेर जाड, असा दिवसातून अनेकदा बदल करावा लागतो. म्हणून एक जाड वस्त्र घेण्याऐवजी पातळ वस्त्रांचे थर असावेत. पातळ मेरिनोच्या लांब बाह्यांच्या दोन बंड्या आणि परकराखाली घालावयाचे दोन पायजमे प्रथम घ्यावेत. त्यांवर नेहमीची सहावारी नेसण्यास कोणतीच अडचण येत नाही. रक्कम उरल्यास अल्पाकाची शाल घ्यावी. न उरल्यास घरातील जुनी लोकरी शाल पुरेशी आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये. विणलेली लोकर वारा अडवीत नाही. बाहेर पडताना वरून वाराबंद कोट हवाच. तो इकडे विकत घेण्यापूर्वी कन्येकडे जास्तीचा आहे काय, हे पत्राने विचारावे. पुष्कळ पैसे वाचतील.

बाळासाठी आजी हौसेने काही विणून नेणारच. त्यासाठी बारीक मेरिनोचा धागा योग्य. लवदार अल्पाकाचे सुटे केस तान्ह्याच्या मुठीत आणि तोंडात जातात. परंतु आपल्याकडील गुंडाळण्याची सवय तेथे आवरावी लागेल. तापविलेल्या खोलीत बाळाला निजविताना टोपरे, शाल, सैल पांघरूण घालू नये. अतिउष्णतेचा आणि श्वास कोंडण्याचा धोका असतो. तेथील दाई आणि डॉक्टर जे सांगतील ते ऐकावे.

दुकानात शिरल्यावर नावापेक्षा चिठ्ठीवरील शेकडेवारी वाचावी. ‘अल्पाका मिश्रण’ या शब्दांआड शेकडा १० अल्पाका आणि बाकी अॅक्रिलिक असू शकते. वस्त्र मानेला किंवा कोपराच्या आतील बाजूस क्षणभर धरावे. तेथे टोचले नाही तर अंगालाही सहसा टोचणार नाही. मुठीत दाबून सोडावे. मेरिनो उसळून येईल. घरी आणल्यावर शंका वाटल्यास शिवणीतील एखादा सुटा धागा जपून जाळून पाहावा. लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो आणि चुरडणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. या परीक्षेने लोकर की कृत्रिम धागा ते कळते; मेरिनो की अल्पाका ते मात्र कळत नाही.

धुणे थंड पाण्यात, सौम्य साबणाने. चोळू नये, पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरावे. अल्पाका तारेवर टांगला तर वीतभर लांबलाच म्हणून समजा. कसर दोन्हींना लागते, म्हणून स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच पेटीत ठेवावे. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मुळीच घालू नयेत. त्यांच्या वाफेने काही तान्ह्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात आणि कावीळ होते.

खुद्द महादेवपुऱ्यात राहणाऱ्यांनी या खर्चात पडावे काय? बेंगळुरूस जानेवारीच्या पहाटेही पारा सरासरी १५-१६ अंशांवर असतो. तेथे एखादी शाल आणि घोंगडी पुरते. ज्या सर मार्क कबन यांचे नाव तेथील उद्यानाला मिळाले, त्यांनी म्हैसूर प्रांतात मेरिनो मेंढ्या आणवून त्यांची पैदास करण्याचा प्रयोग केला होता. पण तो टिकला नाही. थंड नीलगिरीत मात्र मेरिनोचे रक्त स्थानिक मेंढीत मिसळून नीलगिरी ही जात निपजली. दख्खनच्या उघड्या माळावर टिकते ती आपली दख्खनी मेंढी. तिची लोकर जाड, काळी, टोचरी, अंगालगत निरुपयोगी. परंतु धनगराने कातरलेल्या त्याच लोकरीला चिंचोक्याची खळ देऊन सणगराने विणलेली घोंगडी पावसाची झड अंगापर्यंत लवकर पोहोचू देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. हे काम मेरिनोची बंडी करू शकणार नाही.

म्हणून, भगिनी, शाल महाग म्हणून ती बंडीहून सरस, असे मानू नका. आधी बंड्या घ्या. आणि आजेसासऱ्यांचा तो कोट मात्र कडुलिंबाची वाळकी पाने घालून पेटीत तसाच जपून ठेवा. टोरांटोच्या थंडीत त्याचा उपयोग नाही हे खरे. पण नातवंड मोठे होऊन कधी आजोळी आले, तर पणजोबांच्याही वडिलांचा वेष कसा होता, हे त्याला हाताने चाचपून पाहता येईल.