उचलून घेणं सोपं असतं

मार्च २०२५ मधली ती चित्रफीत तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल. ऑस्ट्रेलियात फिरायला गेलेली एक अमेरिकन तरुणी रस्त्याकडेचं वॉम्बटचं पिल्लू उचलते आणि गाडीकडे पळत सुटते. पिल्लू ओरडतंय, आई मागून धावतेय आणि चित्रीकरण करणारा हसतोय! पिल्लू नंतर सोडून दिलं, पण तोवर जग खवळलं होतं. मगरीचं पिल्लू तिच्या आईपासून उचलून बघा, अशा अर्थाचं तिथल्या पंतप्रधानांनीही सुनावलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस हाच विषय. मीही रागावलेले चेहरे पाठवून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या लग्नाच्या साड्यांकडे वळलो. त्याच आठवड्यात ब्रिस्बेनच्या भाचीचा फोन आला. म्हटलं, "काय गं हे तुमच्याकडे!" तर ती म्हणाली, "मावशी, त्या मुलीला शिव्या सगळ्यांनी घातल्या. पण वॉम्बटच्या कुंपणाला फेरी कोण मारतं, हे कुणी विचारलं का?"

तिचा प्रश्न मला लागला. मग मी शोधून वाचत बसले.

वॉम्बट म्हणजे बिळात राहणारा, निशाचर, गवत खाणारा प्राणी. कांगारूसारखीच पोटाला पिशवी, पण तिचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे आई बीळ खणताना बाळाच्या अंगावर माती उडत नाही. निसर्गालाही आईची अडचण कळते म्हणायची! वॉम्बटच्या तीन जाती आहेत. त्यातल्या उत्तरेकडच्या केसाळ नाकाच्या वॉम्बटची कथा जिवाला घोर लावणारी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सगळे मिळून जेमतेम ३५ उरले होते आणि तेही एकाच ठिकाणी, क्वीन्सलँडमधल्या एपिंग फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात. गुरांनी गवत फस्त केलं होतं आणि त्यात दुष्काळ. गुरांना तिथे बंदी झाली, तेव्हा कुठे संख्या सावरू लागली. मग २०००-०१ मध्ये डिंगो, म्हणजे तिथले रानकुत्रे, आत शिरले आणि त्यांनी दहातला एक तरी वॉम्बट मारला. त्यानंतर २००२ मध्ये भोवती २० किलोमीटरचं कुंपण उभं राहिलं.

कुंपण बांधताना बातमी होते. पण ते टिकवायचं कुणी? कधी झाड पडतं, कधी पाण्याच्या लोंढ्याने खालची माती वाहून जाते. एक भगदाड पडलं की डिंगोला वाट मोकळी. इथेच स्वयंसेवक येतात. ते पाळीपाळीने काही आठवडे त्या आडरानात जाऊन राहतात. त्यात नोकरीतून निवृत्त झालेली माणसंही असतात. कुंपणाला फेरी मारायची, पाण्याच्या टाक्या आणि जादा खाद्याची ठिकाणं बघायची, कॅमेरे तपासायचे, वणव्याचे पट्टे साफ ठेवायचे. एवढं करून वॉम्बट दिसेलच असं नाही. तो रात्री बाहेर पडतो आणि भारी बुजरा! त्याची मोजदादसुद्धा त्याला न धरता होते. बिळाच्या तोंडाशी चिकटपट्टी लावतात, येता-जाता तिला केस चिकटतात आणि त्या केसांवरून प्रयोगशाळेत कोण कोण राहतंय ते कळतं.

आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या साध्या वॉम्बटना खरूज छळते. दुर्लक्ष झालं तर प्राणी मरतो. तिथले स्वयंसेवक बिळाच्या दाराशी एक झडप टांगतात, तिला औषधाची छोटी वाटी. वॉम्बट झडप ढकलून बाहेर पडला की औषध पाठीवर सांडतं. वाटी भरायला मात्र आठवड्यामागून आठवडे जावं लागतं.

पण कुंपणाने न अडणारा एक शत्रू आहे, तो म्हणजे गवत. गुरांच्या चाऱ्यासाठी तिथे बफेल नावाचं गवत मुद्दाम पेरलं गेलं. हे नाव परकं वाटलं तरी गवत आपल्या ओळखीचं आहे. आपल्या कोरडवाहू माळांवर ज्याला अंजन म्हणतात, तेच हे. इथे ते घरचं, गुरांचं आवडतं. तिथे त्याने मूळच्या गवतांना हुसकावून लावलं. वॉम्बट तेही खातो, पण ते दाट माजतं, वाळलं की भडकून पेटतं आणि नाना तऱ्हेच्या गवतांच्या जागी एकच गवत उरतं. जे एका घरात गुणी, ते दुसऱ्या घरात धुमाकूळ घालू शकतं! चांगलं-वाईट गवतात नसतं, ते कुठे आणि किती, यात असतं.

आता दुसरी बाजू. ज्या देशाने त्या तरुणीवर आग पाखडली, तिथल्या काही राज्यांत शेतीचं, कुंपणाचं नुकसान होतं म्हणून वॉम्बट मारायचे परवाने मिळतात. त्यावर एवढा गदारोळ झाला नाही, कारण परवान्याची चित्रफीत नसते. स्वयंसेवकांच्या भरवशावर सरकारने किती राहायचं, हाही प्रश्न आहेच. फुकट मिळणाऱ्या हातांची किंमत कुणी मोजत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरात काय आणि रानात काय, काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. राहिलं, तरच दिसतं. स्वयंसेवकांनी सरकारच्या हाताला हात लावावा. वनरक्षकांचे आणि शास्त्रज्ञांचे पगार वाचवायची ती सोय होऊ नये.

तरी या न दिसणाऱ्या कामाचं फळ दिसतंय. एपिंग फॉरेस्टमधली संख्या आता ३०० च्या वर गेली. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून २००९ मध्ये सेंट जॉर्ज गावाजवळ, एका कुटुंबाने देऊ केलेल्या जमिनीवर दुसरं घर झालं. त्याला पैसा दिला एका खाण कंपनीने! जवळच तिसरी जागाही ठरली. एका वणव्यात किंवा एका साथीत सगळं संपू नये, एवढाच हेतू.

पिल्लू उचलून घ्यायला क्षणभर पुरतो. त्याच्या आईला हवं असतं गवत, पाणी, धड कुंपण आणि आपण दूर राहणं. भाचीने पुढच्या वर्षीच्या पाळीसाठी नाव द्यायचं ठरवलंय. मी विचारलं, "वॉम्बट दिसला नाही तर?" ती हसली. "मावशी, कुंपण तर दिसेल ना!"