वेड न पांघरता पेडगावला

मीटिंगमध्ये बॉसने रिपोर्टचं विचारलं की आपण किती निरागस चेहरा करतो! 'कुठला रिपोर्ट, सर?' याला आपल्या आज्या म्हणायच्या, वेड पांघरून पेडगावला जाणं. राजा परांजप्यांनी १९५२ साली 'पेडगावचे शहाणे' नावाचा सिनेमाही काढला. थोडक्यात काय, पेडगाव आपल्या तोंडात कायम असतं. पण ते नकाशावर कुठे आहे, हे जरा तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा. ते म्हणीपुरतं बनवलेलं गाव आहे, असंच बऱ्याच जणांना वाटतं.

बॉस, पेडगाव खरं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठावर. आज साधं शेतीवाडीचं गाव, पण एके काळी दख्खनच्या राजकारणाची सूत्रं इथून हलायची. १६७२ च्या सुमारास बहादूरखान कोकलताश या मुघल सुभेदाराने इथे तळ ठोकला. हा औरंगजेबाचा दूधभाऊ. त्याच्या नावावरून इथला भुईकोट 'बहादूरगड' झाला. नदीचं पाणी वर खेचणाऱ्या मोटेचं बांधकाम अजून दिसतं. ती मोट हत्ती ओढायचे, असं सांगतात.

याच खानाची शिवाजी महाराजांनी सॉलिड फजिती केली. साल १६७४, राज्याभिषेकाला जेमतेम महिना झालेला. दोन हजार मराठ्यांनी हूल दिली, खान फौज घेऊन त्यांच्यामागे लांबवर धावला आणि इकडे सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीने रिकामी छावणी साफ केली. एक कोटींचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे! पेडगावची म्हण या प्रसंगावरूनच पडली, असं इथे सांगतात.

हसून झालं? आता पंधरा वर्षं पुढे या. फेब्रुवारी १६८९. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशाला याच बहादूरगडावर औरंगजेबासमोर उभं केलं गेलं. विदूषकाचे कपडे घालून त्यांची धिंड काढली. पुढे ११ मार्चला महाराजांची हत्या झाली. ज्या गावात बापाने मुघलांना हसं केलं, त्याच गावात मुलाची अशी विटंबना व्हावी! तटाशी उभं राहिल्यावर हे दोन्ही एकदम आठवतं आणि बोलणं बंद होतं.

२०२५ मध्ये 'छावा' बघून थिएटरात डोळे पुसलेले खूप जण आहेत. त्यातले काही इथे येतात, माथा टेकतात, फोटो काढतात. यायलाच हवं. पण बरेचसे तिथूनच गाडी वळवतात, आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे. कारण त्याच तटाच्या आत लक्ष्मीनारायणाचं यादवकालीन देऊळ आहे. बहादूरखान आला तेव्हाही ते काही शतकं जुनं होतं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, आत कोरीव खांब. सावकाश फिरलात तर तासभर कमी पडेल. शिवाय मल्लिकार्जुन आहे, रामेश्वर आहे, भैरवनाथ आहे. यादव, मुघल, मराठे हे सगळे एकाच कंपाउंडमध्ये.

पेडगावचा भुईकोट बहादूरगड झाला, आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. नाव बदलायला एक पाटी पुरते. दगड सांभाळायला मात्र वर्षानुवर्षं माणसं, पैसा आणि चिकाटी लागते, आणि त्या कामाचे फोटो कोणी लाइक करत नाही. गडावर रोज कोणी घोषणा दिल्या नाहीत तरी चालेल, पण झुडपाची मुळं रोज तटात थोडी थोडी घुसतात. ज्या तटाने शंभूराजांना पाहिलं तोच ढासळला, तर आपण नमस्कार तरी कशाला करणार?

तेव्हा एखाद्या रविवारी निघाच. पुण्याहून दौंडमार्गे गेलात तर एका दिवसात होतं. पाणी आणि टोपी जवळ ठेवा, ऊन जाम असतं. येताना श्रीगोंद्याला थांबा. तिथे 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या संत शेख महंमदांची समाधी आहे, जन्माने मुसलमान आणि वारकऱ्यांना आपले वाटणारे संत. या तालुक्याचा इतिहास एका रंगात बसतच नाही.

आणि सोमवारी बॉसने पुन्हा विचारलं, तर निदान खऱ्या पेडगावहून आल्याचं तरी सांगता येईल!