नाबोथाचं वावर आणि आपला सातबारा

"काय जी, येशूचं नाव घेतलं त वावर जाते काय?"

सातपुड्याच्या पायथ्याच्या तीन-चार गावांतून गेल्या दोन महिन्यांत हा एकच प्रश्न आमच्याकडे आला. विचारणारे कोरकू भाऊ. कोणाला सावकाराच्या माणसानं सांगितलं, एका गावात तर पटवाऱ्यानंच सांगितलं, की बाप्तिस्मा झाला म्हणजे तू आदिवासी राहिला नाहीस, आता आदिवासीची जमीन परत देण्याचा कायदा तुला लागत नाही, तहसीलच्या चकरा बंद कर. म्हणून आम्ही, मंडळीतले पाच-सहा जण आणि आमचे पाळक, मिळून हे लिहितो. आम्ही संघटनेतही आहोत आणि देवळातही आहोत. दोन्हीकडच्यांना थोडं कडू लागेल असं यात आहे.

आधी उत्तर. वावर जात नाही.

अनुसूचित जमातींची यादी १९५० सालच्या हुकमानं निघाली. त्यात धर्माची अट नाही. कोरकू हा कोरकू, मग तो मुठवा देवाला नारळ फोडो, हनुमानाला शेंदूर लावो की रविवारी भक्तीला जावो. घोटाळा होतो तो अनुसूचित जातींच्या यादीमुळे. तिथं हिंदू, शीख किंवा बौद्ध असण्याची अट घातलेली आहे, म्हणून अकोल्या-अमरावतीकडचा महार किंवा मांग भाऊ ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती काढून घेतात. हा अन्यायच आहे, त्याच्यावर वेगळं लिहू. पण ती अट आदिवासीला लागत नाही. पटवाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर त्यानं शिकावा, आणि माहीत असूनही तो असं बोलत असेल तर का बोलतो ते आपण समजून घ्यावं.

हा वाद कोर्टातही झालेला आहे. बिहारमध्ये लोहरदगा मतदारसंघातून १९६२ साली डेव्हिड मुंझनी हे ख्रिस्ती उरांव राखीव जागेवर निवडून आले. हरलेले उमेदवार कार्तिक उरांव कोर्टात गेले, म्हणाले हा ख्रिस्ती, हा आदिवासी कसा? पाटणा हायकोर्टानं सांगितलं की धर्म बदलल्यानं जमात सुटत नाही. पुढं कार्तिक उरांव खासदार झाले. ख्रिस्ती आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी त्यांनी १९६७ च्या बिलाच्या वेळी लावून धरली, संसदेच्या समितीनं तशी शिफारसही केली. पण कायदा झाला नाही. मागणी अजून मेलेली नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता जमिनीचा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी शेतजमीन बिगर-आदिवासीकडे गेली, ती परत देण्याचा कायदा महाराष्ट्र सरकारनं केला आहे. साऱ्याच्या ४८ पट रक्कम आणि समोरच्यानं काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत, ही हप्त्यानं भरायची आणि वावर स्वतः कसायचं. कलेक्टर स्वतःहूनही अशी केस चालवू शकतो, अर्जासाठी अडून बसायचं कारण नाही. ६ जुलै १९७४ नंतर तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेताच येत नाही. या सगळ्यात तुमचा देव कोणता, असं कुठंही विचारलेलं नाही. अकोट तालुक्यातल्या भावांनाही सांगतो: पूर्वी मेळघाट तालुक्याबाहेरच्या कोरकूला यादीत धरत नव्हते, १९७६ च्या दुरुस्तीनं ती तालुक्याची अट गेली.

मंडळीतल्या लोकांना हे समजावताना आम्ही नाबोथाची गोष्ट सांगतो. जुन्या करारात राजांच्या पहिल्या पुस्तकात ती आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथं भाजीपाला लावायचा होता. पैसे देतो म्हणाला, दुसरा चांगला मळा देतो म्हणाला. नाबोथानं नाही म्हटलं, ही वाडवडलांची जमीन आहे, देत नाही. मग ईजबेल राणीनं राजाचा शिक्का मारून कागद पाठवले, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि आरोप काय ठेवला? यानं देवाची निंदा केली. गावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

खटला धर्माचा होता, पाहिजे होतं वावर. शिक्का, कागद, साक्षीदार, सगळं आपल्या ओळखीचं आहे. धुऱ्यावरच्या भांडणात 'हा बाटला' असं कोणी बोललं की आधी सातबारा काढून पाहावा, कब्जा कोणाच्या नावानं लागला आहे ते.

१९७९ साली दिल्लीत खासदार ओमप्रकाश त्यागी यांचं धर्मस्वातंत्र्याचं बिल होतं. नाव स्वातंत्र्याचं, काम बंदीचं. तसा कायदा आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १९६८ साली झाला. बैतूल आणि खंडव्याकडे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना तो लागू होता. त्यात शिक्षा एक वर्षाची होती, पण धर्म बदलणारा लहान मूल, बाई, हरिजन किंवा आदिवासी असेल तर दोन वर्षांची. म्हणजे आदिवासीची अक्कल लेकराएवढी, असं कायद्यानंच लिहून ठेवलं. बाईचीही तेवढीच. ज्या माणसाला सागाचं झाड पाहून वय सांगता येतं त्याला आपला देव निवडता येत नाही!

त्या बिलाविरुद्ध १९७९ साली ख्रिस्ती लोकांनी मोर्चे काढले, मदर तेरेसांनी मोरारजीभाईंना पत्र लिहिलं. चांगलं झालं, आम्हीही सह्या दिल्या. पण १९७४ साली मेळघाटात वाघ प्रकल्प आला, गुरांची चराई अडली, मोहफुलं वेचणाऱ्या बाया हाकलल्या, तेव्हा कुठल्या मंडळीनं साधं पत्रक काढल्याचं आम्हाला आठवत नाही. स्वतःच्या देवळावर आलं तेव्हाच देऊळ रस्त्यावर आलं. एलिचपूरला कोरकूंसाठी मिशन येऊन बरीच वर्षं झाली. कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना झाला. दुसऱ्या कोणी हात लावत नव्हतं त्यांच्या जखमा तिथं धुतल्या, हे उपकार विसरणार नाही. ड्रेक साहेबांनी १९०३ साली कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. पण सावकाराच्या वहीविषयी प्रवचन आम्ही क्वचितच ऐकलं. लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यायची असं आहे. ते आमच्याकडे स्वर्गाचा दाखला म्हणून शिकवलं गेलं. जमिनीविषयीचं वचन जमिनीविषयी आहे असं समजायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट सिडोलीची. मेलेल्या माणसाच्या नावानं सागवानी मुंडा कोरून झाडाखाली उभा करतात, सगळं गोत जमतं. काही पाळक म्हणतात ही मूर्तिपूजा, ख्रिस्ती कोरकूनं तिथं जाऊ नये, वर्गणी देऊ नये. मग गाव रागावतं, भाऊबंद तुटतात, आणि वाटणीच्या वेळी हाच भाऊ एकटा पडतो. आमचं मत स्पष्ट आहे. बापाच्या नावाचा मुंडा म्हणजे देव नव्हे. नवस करू नका, कोंबडं कापू नका, पण गोतात बसा, वर्गणी द्या, लाकूड वाहायला खांदा द्या. आमच्यातल्याच दोन वडिलांना हे पटलेलं नाही, ते त्यांचं मत पुढच्या अंकात मांडतील.

गावालाही एक सांगणं. ख्रिस्ती घराची विहीर बंद करणं, त्याच्या पेरणीला बैल न देणं, हे दोन गावांत झालं. तो भाऊ उपाशी राहिला की त्याचं वावर ठेक्यानं कोण घेतं? पडियार घेत नाही, पाटील घेत नाही. बाजारपेठेतला दुकानदार घेतो.

शेवटी कामाचं. जूनअखेर शाळा उघडतील. नाव घालताना जातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहू नका. जात कोरकू, धर्म ख्रिस्ती, असं दोन वेगळ्या जागी लिहून घ्या आणि मास्तरनं लिहिलेलं वाचायला लावा. एका ठिकाणी चूक झाली की पोराच्या दाखल्यात तीच उतरते आणि पुढं जमिनीच्या केसमध्ये समोरचा वकील तोच कागद काढतो. पाळकांनीही बाप्तिस्म्याच्या वहीत बापाचं नाव, गाव आणि जमात लिहावी. जुन्या वह्यांत ती लिहिलेली असेल तर नक्कल द्यावी, पुरावा म्हणून उपयोग होतो. ज्यांचं वावर १९५७ ते १९७४ मध्ये गेलं त्यांनी सातबारा, फेरफाराची नक्कल आणि जुनं पेरेपत्रक मिळेल तेवढं घेऊन यावं. इसारपावती असेल तर तीही आणा, फाटकी असली तरी चालेल. रविवारी भक्तीनंतर देवळाच्या ओट्यावर अर्ज लिहायला आम्ही बसतो. देवळात न जाणाऱ्यांनीही यावं, ओटा सगळ्यांचा आहे.