लशीचा निर्णय घरात कोण घेतो?



२०२१ मध्ये आम्हाला आलेली पत्रे आणि फोन यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. कोरोनाची लस घ्यावी की नाही? १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले. २१ ऑक्टोबर २०२१ ला शंभर कोटी डोस पूर्ण झाले. तरीही आपल्या मोहल्ल्यांत हा प्रश्न मिटलेला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने 'हर घर दस्तक' मोहीम हाती घेतली आणि आशाताई आणि सिस्टर दारापर्यंत येऊ लागल्या. त्यांना स्पष्ट नकार क्वचितच मिळे. "बघू", "मुलगा घरी आला की विचारते", "घरात लग्न आहे, त्यानंतर घेऊ" अशी उत्तरे मिळत. या 'बघू'बद्दल आज आपल्याशी बोलावे असे आम्हाला वाटते.

या 'बघू'मध्ये कोण अडकले आहे, ते आधी पाहू या. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस घेतलेल्यांना लोकलचा प्रवास खुला झाला, तेव्हा कामावर जाणाऱ्यांनी रांगा लावून लस घेतली. कुणाला कारखान्यात प्रमाणपत्र दाखवावे लागले, कुणाला परदेशी नोकरीवर परतायचे होते. ज्यांना कुठे जायचे नव्हते, ते मागे राहिले. घरातली अम्मी, दादी, नानी, नुकतीच बाळंत झालेली सून. देशभरातही २०२१ मध्ये पुरुषांच्या मानाने स्त्रियांना कमी डोस मिळाल्याचे दिसले आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "अम्मी कुठे बाहेर जाते? तिला काय गरज?"

अम्मी बाहेर जात नाही, हे खरे. पण बाहेर जाणारे सगळे संध्याकाळी तिच्याच दस्तरखानावर येऊन बसतात. नातवंडे तिच्याच कुशीत झोपतात. हा आजार घरात यायला तिने उंबरा ओलांडण्याची गरज नसते. आणि तो आला तर सर्वांत जड तिलाच जातो, कारण वय झालेले असते आणि शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतात. लस घेतलेल्या मुलाला कोरोना झाला, तर बहुधा सर्दी-तापावर निभावते. त्याच्याकडून तो लस न घेतलेल्या आईला झाला, तर तेवढ्यावर निभावेलच असे नाही. म्हणून ज्या घरात एकाने लस घेतली आणि दुसऱ्याची राहिली, त्या घराचा निर्णय अजून पूर्ण झालेला नाही.

आता शंकांकडे वळू. शंका विचारण्यात काहीही वावगे नाही. औषध शरीरात जाणार असेल तर ते काय आहे हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. फक्त दीनचा प्रश्न आलिमांना विचारावा आणि शरीराचा डॉक्टरांना. आपल्याकडे दोन्ही प्रश्न व्हॉट्सॲपला विचारले जातात, आणि तिथे उत्तर देणाऱ्याला कुणी जबाबदार धरत नाही.

हलाल-हरामचा प्रश्न

डिसेंबर २०२० मध्ये, लस भारतात येण्याआधीच, तिच्यात डुकराची चरबी असल्याची चर्चा सुरू झाली. काही लशींमध्ये डुकरापासून काढलेले जिलेटिन वापरले जाते, हे खरे आहे. पण आपल्याकडे मुख्यतः मिळालेल्या कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींच्या घटकांच्या यादीत जिलेटिन नाही. कोव्हिशिल्डमध्ये इथेनॉलचा अत्यल्प अंश आहे. ज्यांच्या मनात त्याबद्दल खटका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले होते की, लशीत जिलेटिन असले आणि दुसरा पर्याय नसला, तरी जीव वाचवण्यासाठी ती घेणे जायज आहे. जिवावर बेतले असता हराम वस्तूचीही मुभा मिळते, हा नियम आपल्या फिकहमध्ये जुनाच आहे. रमजानमध्ये रोज्याचा प्रश्न निघाला, तेव्हा सौदी अरेबियाच्या मुफ्ती-ए-आजमांनी आणि लखनौच्या फिरंगी महलच्या दारुल इफ्तानेही लशीच्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे स्पष्ट केले.

दुसरी शंका तकदीरची. "मौत लिहिलेली असेल तेव्हाच येईल, मग लस कशाला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते, तेव्हा पुढे साथ पसरल्याची खबर आली. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. त्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. तवक्कुलचा अर्थ हाच आहे. उंट आधी बांधायचा, मग भरवसा ठेवायचा.

हजला गेलेली माणसे ज्या घरात आहेत, तिथे तर हा प्रश्न पडायलाच नको. हजला जाण्याआधी मेंदुज्वराची लस घ्यावी लागते, आणि ती आपल्या बुजुर्गांनी वर्षानुवर्षे बिनतक्रार घेतली आहे. २०२१ च्या हजसाठी सौदीत राहणाऱ्या फक्त ६० हजार लोकांना परवानगी मिळाली. त्यांच्यासाठी कोरोनाच्या लशीची अटही होती.

शरीराचा प्रश्न

लस घेतल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येते, ताप भरतो. हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्याला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्याची अडचण खरी आहे आणि तिला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घेणे, घरातल्या दोघांनी एकाच दिवशी न घेणे, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलची गोळी जवळ ठेवणे, असा उपाय काढता येतो.

गंभीर त्रासाचे काय? तोही होतो, पण फार क्वचित. कोव्हिशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या तक्रारी केंद्राच्या समितीने तपासल्या. मे २०२१ मध्ये तिने दिलेला आकडा दहा लाख डोसांमागे एकाहूनही कमी होता. लशीनंतरच्या तीव्र ॲलर्जीने एक मृत्यू झाल्याचेही याच समितीने जूनमध्ये मान्य केले. अशी ॲलर्जी झाली तर बहुधा लगेचच दिसते, म्हणून लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात. तो अर्धा तास चुकवू नये. पहिल्या डोसला तीव्र ॲलर्जी झाली असेल तर दुसरा घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सिस्टरला आधी सांगावे. कोरोना होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर तीन महिने थांबावे, असा २०२१ मध्ये सल्ला होता.

स्त्रियांच्या मनातल्या शंका बहुतेक वेळा तोंडावर येत नाहीत, म्हणून त्या इथे स्पष्ट लिहितो. मासिक पाळीच्या दिवसांत लस घ्यायला हरकत नाही. बाळाला दूध पाजणाऱ्या आईने घेता येते, दूध थांबवावे लागत नाही. गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली. आपल्या डॉक्टरीणबाईंचा सल्ला घ्यावा. लशीने मूल होत नाही, या अफवेला कोणताही वैद्यकीय आधार नाही. हीच अफवा पोलिओच्या थेंबांबद्दल होती. ज्या मुलांना तेव्हा थेंब पाजले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आज स्वतः आई-बाप झाले आहेत. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे मशिदींतून आवाहन करणारे कितीतरी इमामही होते.

अविश्वासाचा प्रश्न

काही शंका मात्र डॉक्टर दूर करू शकत नाहीत, कारण त्या औषधाबद्दल नसतातच. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमातच्या नावाने साऱ्या समाजाकडे बोट दाखवले गेले. भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे मत नोंदवले. पण तोपर्यंत मने दुखावली होती. त्याआधी कागदपत्रांची भीती होतीच. अशा वेळी कुणी दारात येऊन आधार क्रमांक विचारला, तर अम्मीने दार अर्धेच उघडले यात नवल नाही.

हे दुखणे आम्ही नाकारत नाही. मात्र विषाणूला आपल्या दुखण्याशी देणेघेणे नाही. अन्यायाविरुद्ध न्यायालयात, वर्तमानपत्रांत, मतपेटीतून बोलता येते. त्यासाठी आपल्याच आईला असुरक्षित ठेवावे लागत नाही. आणि २०२१ मध्ये आधारच हवे असेही नव्हते. पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले रेशनकार्ड यांपैकी एक चालत होते. ज्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते, त्यांच्यासाठी विशेष सत्रे घेण्याचे आदेशही होते.

विश्वास कसा परत येतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १८९६ मध्ये इथे प्लेगची साथ आली. घरांची झडती, रुग्णांना जबरदस्तीने नेणे, बायकांची तपासणी यांमुळे लोक संतापले होते आणि इस्पितळांबद्दल भयंकर अफवा होत्या. डॉ. हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकत होते. तेव्हा तरुण आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आणि त्यांच्या जमातीतले हजारो लोक पुढे आले. सरकारी हुकुमाने जे साधले नव्हते, ते ओळखीच्या माणसाने बाही वर केल्यावर साधले. आपल्या मोहल्ल्यातही हेच व्हायला हवे. इमामसाहेबांनी लस घेतली असेल तर जुम्याच्या दिवशी तसे सांगावे. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी आपल्या आईलाही दिल्याचे सांगावे. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावलेले आणि जनाजे उचललेले आपले तरुण तर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांचा शब्द लोक ऐकतील.

घरात बसून ठरवा

आमची एक विनंती आहे. या शुक्रवारी, जेवण झाल्यावर, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने लस घेतली का, दुसरा डोस झाला का, हे कागदावर लिहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोव्हिशिल्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी असे, कोव्हॅक्सिनचा चार आठवड्यांनी. एक डोस घेऊन विसरलेले अनेक जण आहेत. मग ज्यांचे राहिले आहे त्यांना कारण विचारावे आणि ते शांतपणे ऐकावे. रागावू नये, हसू नये. कारण दीनचे असेल तर मुफ्तीसाहेबांना फोन करावा, आजाराचे असेल तर डॉक्टरांना. पर्द्याचा संकोच असेल तर लस टोचणाऱ्या बहुतेक सिस्टर स्त्रियाच असतात. सैल बाहीचे कपडे घालावेत आणि आडोसा मागून घ्यावा. सोबतीला कुणी नाही ही अडचण असेल, तर कोण सोबत जाईल ते तिथेच ठरवावे. २०२१ मध्ये सरकारी केंद्रावर लस मोफत होती आणि नाव तिथेच नोंदवून मिळत होते.

आणि सर्वांत आधी दादीला, अम्मीला विचारावे. कित्येक घरांत "अम्मी नको म्हणते" असे मुलगा सांगतो, पण अम्मीला थेट विचारले तर ती म्हणते, "मला कुणी विचारलेच नाही." तिच्या शरीराबद्दलचा निर्णय तिचा आहे. तिला माहिती द्यावी, तिचे म्हणणे ऐकावे, आणि ती तयार झाली तर त्याच आठवड्यात तिला घेऊन जावे. ती नको म्हणाली, तर तिच्या शंकेचे उत्तर शोधून पुन्हा तिच्यापाशी बसावे.

लस घेतल्याने कोरोना कधीच होणार नाही, असे कुणी सांगत नाही. दोन्ही डोस घेतल्यावर आजार गंभीर होण्याची आणि जीव जाण्याची शक्यता खूप कमी होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कबरस्तानांत जे पाहिले, त्यानंतर एवढे वचनही थोडके नाही.

अल्लाह आपल्या घरांतील बुजुर्गांची सावली आपल्यावर कायम ठेवो, आजाऱ्यांना शिफा देवो आणि गेलेल्यांची मगफिरत करो. आमीन.