धूर नाही, म्हणून धोका नाही?

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये आकडेवारीनिशी मांडला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल येण्यास १९६४ साल उजाडावे लागले. तोवर लाखो लोकांना ही सवय जडून गेली होती. ई-सिगारेटच्या बाबतीतही अशीच वाट पाहायची काय, हा आजचा प्रश्न आहे.

चीनमधील होन लिक यांनी २००३ च्या सुमारास विकसित केलेल्या या उपकरणात तंबाखू जळत नाही. निकोटिन व स्वादद्रव्ये मिसळलेला द्रव बॅटरीवर तापतो आणि त्याचे तुषार ओढले जातात. ज्वलन नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड बव्हंशी टळतात, हे खरे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ही सवय धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक ठरवली, ती याच आधारावर. परंतु 'सिगारेटपेक्षा कमी' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. ज्या मुलाने सिगारेटला कधी हातच लावला नाही, त्याच्या बाबतीत ही तुलनाच गैरलागू ठरते.

रोग उद्भवण्याआधी शरीरातील बदल टिपता येतील काय? या शोधात लघवीकडे नव्याने पाहिले जात आहे. लघवीतील कोटिनिनवरून शरीरात निकोटिन किती गेले ते कळते. शरीराने त्याला काय प्रतिसाद दिला, याचा माग प्रथिने देऊ शकतात. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारणपणे १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने जातात. पण एवढ्याशा ऐवजात दीड हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असल्याचे २००६ मध्येच दिसून आले. रक्त आपला समतोल सांभाळत असते; त्यातून बाहेर टाकलेले बरेच काही लघवीत उतरते. त्यामुळे दाह किंवा पेशींवरील ताण यांची चाहूल तेथे लवकर लागेल, अशी अपेक्षा आहे. शिवाय सुई न टोचता तेच नमुने वर्षानुवर्षे घेता येतात.

तथापि, येथे घाई नको. ताप, कष्टाचा व्यायाम, मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, रक्तदाब या साऱ्यांनी लघवीतील प्रथिने बदलतात. ई-सिगारेट ओढणारे अनेकजण पूर्वी साधी सिगारेट ओढत असत. काहीजण दोन्ही ओढतात. दोष कोणाच्या माथी मारायचा? मूठभर माणसांत शेकडो प्रथिनांची तुलना केली, तर काही फरक निव्वळ योगायोगानेही सापडतात. म्हणून कधीच धूम्रपान न केलेले, केवळ सिगारेट ओढणारे आणि केवळ ई-सिगारेट ओढणारे असे वेगवेगळे गट हवेत, दीर्घकाळ पाठपुरावा हवा आणि निष्कर्षांची दुसऱ्या गटावर फेरतपासणी हवी. प्रथिनातील बदल हा इशारा असतो, निदान नव्हे.

भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंदीचे समर्थन करता येईल. पण बंदीने ज्ञान वाढत नाही. चोरून ओढणारा तरुण डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलणार नाही, मग नमुना देणे दूरच. त्याला शिक्षेची वा बदनामीची भीती न वाटता तपासणीला येता यावे, ही व्यवस्था शासनाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी करावयास हवी. अन्यथा सिगारेटच्या वेळी मृत्यूच्या दाखल्यांवरून शिकलेला धडा आपल्याला त्याच मार्गाने पुन्हा गिरवावा लागेल.