बाजारभावाची वही आपल्या घरीं

नागपूरहून येणारा हमरस्ता जाम येथें फुटतो. एक वाट हिंगणघाटाकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुराकडे. म्हणून येथील शेतकऱ्यापुढें कापसाच्या हंगामांत नेहमींचा प्रश्न उभा राहतो : माल कोणत्या बाजारास न्यावा? पुष्कळजण तो ऐकीव भावावर, अथवा मोबाइलवर फिरत आलेल्या निनावी संदेशावर सोडवितात. आमच्या मतें हें योग्य नव्हे.

बाजार समित्यांचे भाव राज्य कृषि पणन मंडळाच्या व केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळांवर सर्वांस पाहावयास मिळतात. ‘मग निराळा खटाटोप कशास?’ असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, पाहिलेला भाव विसरला जातो. टिपलेला भाव पुढील वर्षीं उपयोगीं पडतो. रोज टिपण्याचा कंटाळा येत असेल, तर पायथन भाषेंतील दहा-पंधरा ओळींची आज्ञावली तें काम करूं शकते. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींस ती सहज साधेल. दिलेल्या पत्त्यावरून ती पान मागते. २०० हा अंक आला तर पान मिळालें. ४०४ आला तर त्या पत्त्यावर तें नाहीं. मग मजकुरांतून तक्ता वेंचून ती तारखेसह नोंद ठेवते.

परंतु पान मिळालें म्हणजे भाव कळला, असें नव्हे. कांहीं पानांत आंकडे मागाहून भरले जातात. तेथें साध्या आज्ञावलीच्या हातीं रिकामी चौकट येते. तारीख जुनी नाहीं ना, आवक किती, हें पाहिलेंच पाहिजे. कमाल भाव थोड्याच मालास मिळालेला असूं शकतो. म्हणून सर्वसाधारण भावावरून, गाडीभाडें वजा करून, हिशेब करावा. शेजारीं हमीभावही लिहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसास तो क्विंटलामागें ८११० रुपये ठरला होता.

आणखी एक पथ्य आहे. सार्वजनिक विहिरीवर एकट्यानेंच दिवसभर मोट चालवूं नये. तसेंच पान दिवसांतून एकदांच मागावें, व संकेतस्थळाचे नियम पाळावे.

व्यापाऱ्याजवळ मागील भावांची नोंद असते. शेतकऱ्याजवळ बहुधा नसते. सौद्याच्या वेळीं हाच उणेपणा भोंवतो. आमच्या सभासदांनीं यंदाच्या वेंचणीपूर्वीं गांवोगांव अशी एक तरी वही सुरू करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.